जिवाचं भोक

४ सप्टेंबर
डोंगरावरचा कॅम्प

चि. मुंगे,

तुझे हात पोचले. एकशे पंधरा. ट्रकवाला सही मागत होता, मी म्हटलं थांब, माझ्या भाचीचा माल आहे, एकेक मोजून घेणार. त्याने कपाळावर हात मारला, पण मोजून घेतले. एकोणीस टॉवर, प्रत्येकाला सहा, आणि वर एक जादा.

इथे फोन लागत नाही. गुरुवारी रेशनची जीप येते, तीच टपाल नेते-आणते. त्यामुळे तू वसतिगृहात होतीस तेव्हासारखं आपलं पुन्हा पत्रांवर आलं. तुझ्या मामीलाही लिहितो, पण ती उत्तरात फक्त माझ्या गुडघ्याची चौकशी करते.

आता कामाचं. अठ्ठावीस वर्षं मी टॉवरवर चढतोय. ज्याच्या टोकाला तार लटकते तो आडवा हात लोखंडाचाच असतो, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलंय. असा एक लोखंडी हात डोंगरावर आणायला चौदा माणसं लागायची आणि वर पोचेपर्यंत चौदाजण एकमेकांशी बोलेनासे व्हायचे. तुझा हात चौघांनी खांद्यावर टाकला आणि गप्पा मारत आणला. लांबू म्हणाला, फोरमन, ह्यात काही भरायचं राहिलंय का, कारखान्यात विचारून घ्या. लांबू आठवतो ना? तुला खांद्यावर घेऊन छताला हात लावायला लावायचा तो. वीस वर्षं माझ्या टोळीत आहे आणि अजून दारातून वाकून यायला शिकला नाही.

पण मला हे पटत नाही, सरळ सांगतो. लोखंडावर पाना मारला की ते खणखणीत उत्तर देतं. कुठे भेग असली तर आवाज बसतो आणि आपल्याला कळतं. तुझ्या हातावर पाना मारला तर बंद दारावर टकटक केल्यासारखं वाटतं. आत काय चाललंय काही पत्ता लागत नाही. काचेचा आहे म्हणतात. काचेवर मी माझी बारा माणसं उभी करू का? छापील पुस्तक आलंय, पण त्याच्यावर सध्या आचाऱ्याचं पातेलं आहे. मला तुझ्याकडून ऐकायचंय.

मामा


१३ सप्टेंबर
प्रयोगशाळा

प्रिय मामा,

आधी ते पुस्तक पातेल्याखालून काढ. हसू आलं, पण खरंच काढ.

काच म्हणजे खिडकीची काच नव्हे. केसाहून बारीक असे काचेचे लाखो धागे एका दिशेने ताणायचे, रेझिनच्या चिकट रसात बुडवायचे, तापलेल्या साच्यातून ओढायचे आणि मग भट्टीत पक्के करायचे. भार घेतात ते धागे. रेझिनचं काम त्यांना एकमेकांशी धरून ठेवायचं. हा हात गंजत नाही आणि त्यातून वीज जात नाही, म्हणून तार टॉवरच्या जवळ आणता येते आणि टॉवर बुटका चालतो. आम्ही एका हातावर नेहमीच्या अडीचपट भार आठ दिवस लटकवून ठेवला होता. त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी आधी त्याच्याकडे जायचे आणि मग चहाकडे. तो तसूभरही वाकून राहिला नाही. नऊ वर्षं मी ह्या एका वस्तूमागे आहे मामा, तुझी माणसं खुशाल उभी कर.

फक्त काही पथ्यं आहेत. उचलताना तारेचा दोर थेट बांधू नका, कापडी पट्टा वापरा. हातोडा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोक पाडायचं नाही. लोखंडात भोक पाडलं तर तेवढंच लोखंड जातं. ह्यात भोक पाडलं की धागे तुटतात, त्यांची उघडी टोकं पाणी पितात, आणि थंडीत ते पाणी गोठलं की आतले थर सुटत जातात. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून एकही भोक नको, सुईएवढंही नको.

इकडे बरं चाललंय. ऑगस्टमध्ये जरा धावपळ झाली, भट्टीने त्रास दिला आणि मोठे साहेब डोक्यावर बसले होते. पण निभावलं. गुडघा कसा आहे?

तुझी मुंगी


२ ऑक्टोबर
कॅम्प

चि. मुंगे,

एकशे चौदा हात चढले. अडीच महिन्यांचं काम चार आठवड्यांत झालं. लांबू पहिल्यांदा तुझ्या हातावर गेला तेव्हा मी खाली उभा राहून श्वास धरला होता, आणि तो टोकाला जाऊन मला म्हणतो, फोरमन, इथून तुमचं टक्कल फार छान दिसतं. तेव्हा शाबास. तुला उगाच नाही लहानपणी माझे पाने लपवायची सवय होती.

पट्टे वापरले, हातोडा लावला नाही. एक शंका मात्र आहे. पुस्तक काढलं, पुसलं आणि वाचलं. त्यात म्हटलंय की माणसाने आपली दोरी टॉवरच्या मुख्य अंगाला अडकवावी. अगं, हाताच्या टोकाशी काम करणारा माणूस मुख्य अंगापासून चार मीटर लांब असतो. चार मीटर दोरी ढिली सोडली आणि पाय घसरला, तर तो झोका खाऊन टॉवरवरच आपटणार. लोखंडी हातावर दोरी अडकवायची सोय आम्ही करून घ्यायचो. तुझा हात साबणासारखा गुळगुळीत. पुस्तक लिहिणारा कधी वर चढलाय का? खाली बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! त्याला माझा निरोप दे.

आम्ही आमची सोय केली आहे. तू काळजी करू नकोस.

मामा


११ ऑक्टोबर
प्रयोगशाळा

प्रिय मामा,

ते पुस्तक मी लिहिलंय. निरोप पोचला.

दोरीचा मुद्दा वहीत लिहून ठेवलाय, पुढच्या नमुन्यात बघू. तोवर मुख्य अंगालाच अडकवा, नियम तोच आहे. तुम्ही सोय केलीय म्हणतोस ती कसली ते विचारत बसत नाही. तुझ्या गाठी मी लहानपणापासून बघतेय, त्या सुटता सुटत नाहीत.

बातमी अशी की पुढच्या मार्गासाठी अकराशे हातांची मागणी येणार आहे. मोठे साहेब चक्क हसले. मामीला सांग, मी जेवते वेळेवर.

मुंगी


१९ जानेवारी
कॅम्प

चि. मुंगे,

लांबू पडला. जिवंत आहे. तुझ्याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलंय.

सोमवारी सकाळी आपल्या एकोणिसांपैकी, मार्गाच्या हिशेबात एकेचाळीस नंबरच्या टॉवरवर वाऱ्याने एक पकड ढिली झाली होती, ती आवळायला गेला. आठवडाभर सगळं गोठलेलं होतं, त्या दिवशी ऊन पडलं म्हणून मीच म्हटलं जा. मधल्या हातावर तीन पावलं पुढे गेला आणि हात मुळाशी मोडला. लोखंड मोडण्याआधी कुरकुरतं, माणसाला पळायला वेळ देतं. ह्याने काही सांगितलं नाही. लांबू सहा मीटर खाली, खालच्या हातावर पडला, आणि तो हात टिकला म्हणून वाचला. मी चढलो, त्याला त्याच्याच पट्ट्याने बांधून ठेवलं. खाली आणायला दीड तास लागला. एवढा वेळ तो माझी चेष्टा करत होता आणि मग एकदम गप्प झाला.

कंबर आणि मांडी मोडली आहे. चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. काम बंद आहे. चौकशी समिती येणार.

तुझा हात मोडला, मुंगे. मला दुसरं काही सुचत नाही.

मामा


२८ जानेवारी
घर

मामा,

हे तुला सांगायला हवं. समितीला मी काल सांगितलं.

ऑगस्टमध्ये भट्टीच्या दाराचं रबर फाटलं होतं. मागच्या बाजूला वीस अंश कमी तापत होतं आणि ते मला चार दिवसांनी कळलं. तोवर सव्वीस हात त्यातून निघाले होते. ते मोडीत काढायला हवे होते. मोठे साहेब म्हणाले, दोन तपासून बघ. दोन तपासले, दोन्ही पास झाले, आणि मी सव्वीसांवर सही केली. मला भीती वाटत होती तरी केली. तुला सप्टेंबरमध्ये 'निभावलं' असं लिहिलं होतं, ते हे.

त्यातले पंचवीस नदीकडच्या मार्गावर गेलेत. एकच, शहाऐंशी नंबरचा, तुझ्या ट्रकमध्ये होता. कुठला हात कुठल्या टॉवरवर गेला ह्याची नोंद तुमच्या कॅम्पने ठेवलेली नाही. मोडलेल्या हाताचा बुडखा समितीला मिळाला नाही, आणि नंबर बुडख्यावरच असतो. पण एकशे चौदांतला नेमका एक मोडतो आणि माझा नासका हात तिथेच असतो, म्हणजे आणखी काय असणार? तुला आठवतंय का, एकेचाळीसवर शहाऐंशी लावला होता का? बुडखा कुठे सापडतो का बघ. मला खात्री करून घ्यायचीय.

माझा सहीचा अधिकार काढून घेतलाय. त्याचं काही नाही. लांबूकाकांना माझ्या सहीने पाडलं, हे मला दिवसभर कळत राहतं. जेवताना कळतं, दात घासताना कळतं. तुला मी खुशाल उभी कर माणसं असं लिहिलं होतं.

मुंगी


८ फेब्रुवारी
कॅम्प

चि. मुंगे,

पत्र मिळालं. बुडखा सापडला नाही. खाली दरीत बर्फ आहे, त्यात गेला असेल. शहाऐंशी लावला असेल एकेचाळीसवर, नसेलही. नंबर कोण बघतं.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात, न करणाऱ्याच्या कुठून होणार? तू स्वतः होऊन सांगितलंस, तेवढं धैर्य पुष्कळांना नसतं. लांबूची तब्येत सुधारतेय असं ऐकतो. मामीकडे चार दिवस जाऊन राहा. ती विचारत होती.

मामा


१८ फेब्रुवारी
घर

प्रिय मामा,

पंचवीसच्या पंचवीस हात उतरवले, कारखान्यात परत आलेत. समितीने अहवाल दिला. दोष भट्टीचा आणि सहीचा, सव्विसावा हात तुमच्याकडे मोडला, बाकी सगळे हात सुरक्षित. त्यांनी दुर्बिणीतून खालून बघितले म्हणे. तुमच्या डोंगरावरचं काम चार मार्चपासून पुन्हा सुरू होणार आहे. आदेश आला असेल.

काल लांबूकाकांना भेटायला गेले होते. काकू वॉर्डच्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुझ्या काचेने माझं घर मोडलं, आता बघायला आलीस? सगळा वॉर्ड ऐकत होता. त्यांचं काहीच चुकलं नाही. मी परत फिरले तर लांबूकाकांनी पलंगावरून हाक मारली. काकूंनी नाइलाजाने दोन मिनिटं आत सोडलं. काकांचा हात धरून मी माफी मागायला लागले, तर ते डोळे मिटून म्हणाले, "पोरी, तू रडू नकोस. आणि मामाला सांग, मी कोणाला काही बोललेलो नाही."

इतक्या मोठ्या मनाचा माणूस, मामा. कंपनीविरुद्ध एक शब्द नाही, माझ्याविरुद्ध नाही. मला तिथे उभं राहवेना.

मी राजीनामा लिहून ठेवलाय. पहिल्या तारखेला देईन. ज्या हाताने ती सही केली त्याने आणखी कशावर सही करावी असं मला वाटत नाही. तू वर जाशील तेव्हा जपून जा.

मुंगी


२२ फेब्रुवारी
कॅम्प

मुंगे,

राजीनामा देऊ नकोस. हे पत्र आणि सोबतचं गाठोडं जीपचा ड्रायव्हर तुझ्या हातात देईल, टपालात टाकणार नाही. गाठोड्यात एकेचाळीस नंबरच्या हाताचा बुडखा आहे. तो माझ्या ट्रंकेत होता. लांबूला जीपमध्ये घातलं आणि मी परत फिरून पहिल्यांदा तोच उचलला.

त्यावरचा नंबर वाच. एकशे तीन आहे. तुझा शहाऐंशी कधी टॉवरवर गेलाच नाही. तो जादा म्हणून राहिला होता. स्वयंपाकाच्या तंबूबाहेर दोन दगडांवर टाकून त्याचं बाकडं केलंय. तुझं अठ्ठावीस जानेवारीचं पत्र मी त्याच्यावर बसून वाचलं.

आता मोडलेल्या कडेला बघ. अर्धं गोल भोक दिसेल. ते मी पाडलंय.

मी नवीन असताना माझ्या उस्तादाच्या डोळ्यांदेखत एक माणूस दोरीचा झोका खाऊन टॉवरवर आपटला आणि गेला. तेव्हापासून उस्तादाने नियम केला. कुठल्याही हातावर माणूस पाठवायच्या आधी फोरमनने स्वतः चढून हाताच्या मुळाशी एक भोक पाडायचं, त्यात कडी अडकवायची, कडीपासून टोकापर्यंत दोर ताणत न्यायचा आणि माणसाची आखूड दोरी त्या दोरावर सरकती ठेवायची, म्हणजे झोका बसत नाही. आम्ही त्याला जिवाचं भोक म्हणतो. कुठल्याच पुस्तकात ते नाही. अठ्ठावीस वर्षांत माझी चार माणसं त्याच भोकामुळे सुखरूप घरी गेली, लांबू त्यात दोनदा. तुझं 'सुईएवढंही नको' मी वाचलं होतं. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे पण तिने माणूस पडताना पाहिलेला नाही. एक भोक, वरच्या अंगाला, काम झाल्यावर रबरी बूच लावलं. खालून दुर्बिणीने सात जन्मांत दिसायचं नाही. तुला विचारलं ते दोरीचं, खरं विचारायचं ते विचारलंच नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

थंडीत बूच आकसून निसटलं असणार. लांबूने कडी अडकवली, तीन पावलं गेला आणि हात भोकातूनच मोडला, तेव्हा कडी त्याच्यासोबतच खाली आली. मला त्याच क्षणी कळलं. लांबूलाही कळलं. म्हणून तो गप्प झाला होता.

तुझं भट्टीचं पत्र आलं तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. म्हटलं, चला, देवानेच वाट काढली. जिला मी खांद्यावर खेळवलं तिच्या मानेवर माझं ओझं जाऊन बसलं आणि मी तुला लिहिलं की जिवाला लावून घेऊ नकोस. मग लांबूचा निरोप आला. तो मला पाठीशी घालतोय, मुंगे. त्याला वाटतंय मी अजून त्याचा फोरमन आहे.

चार मार्चला माझी माणसं वर जायची आहेत. त्या टॉवरांवर एकशे तेरा हात आहेत, आणि सगळ्यांना भोक आहे. हवा खराब आहे असं सांगून थोडे दिवस ढकलता येतील का, हाही विचार करून झाला. आज सकाळी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं, कोणी चढायचं नाही. का ते सांगितलं. आचाऱ्याने उठून ते बाकडं उचललं आणि आत नेलं. समितीलाही ह्याच जीपने लिहून पाठवतोय, माझ्या सहीचं.

तुझ्या मामीला मी सांगेन. तू सांगू नकोस.

मामा


१० मार्च
प्रयोगशाळा

मामा,

राजीनामा फाडला. त्यात तुझ्यासाठी काही केलं असं समजू नकोस.

बुडखा कापून बघितला. भोकाच्या कडेने धाग्यांची टोकं काळी पडली आहेत, पाणी सात बोटं आतपर्यंत गेलंय आणि तिथे थर कागदासारखे सुटलेत. मी पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसं. बरोबर ठरल्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. भट्टीतले पंचवीस हातही तपासले. सात नापास झाले. म्हणजे माझीही सही खोटीच होती, फक्त तिच्यावर अजून कोणी उभं राहिलं नव्हतं. समितीने नवा अहवाल लिहिला. तुला टॉवरवर चढायची कायमची बंदी आहे, ते पत्र तुला आलं असेल. माझी सही वर्षभर बंद. एकशे तेरा हात उतरतायत.

तीन आठवडे मी स्वतःला खुनी समजत होते. तू ते वाचत होतास आणि मला मामीकडे राहायला जा म्हणत होतास. ह्याला मी काय म्हणू ते मला अजून कळलेलं नाही. मी तुला माफ केलेलं नाही, आणि ते आपोआप होईल असं धरून चालू नकोस.

पण एक गोष्ट रोज डोक्यात येते. दोरी कुठे अडकवायची, हे तू मला विचारलं होतंस. मी 'पुढच्या नमुन्यात बघू' लिहिलं. मी विचारायला हवं होतं की मामा, तुम्ही सोय केलीय म्हणजे नेमकं काय केलंय. एका ओळीचा प्रश्न होता. नऊ वर्षांत मी तारेचा भार मोजला, वाऱ्याचा मोजला, बर्फाचा मोजला, आणि त्या हातावर माणूस उभा राहणार आहे हे माझ्या एकाही आकृतीत नाही.

नव्या हातात मुळाशी धातूची कडी असेल. साच्यातच बसवायची, धागे तिच्याभोवती वळवून न्यायचे, एकही धागा कापायचा नाही. पण ती नेमकी कुठे हवी, माणूस वाकतो तेव्हा दोरी कुठल्या बाजूने जाते, हे मला माहीत नाही. इथे कोणालाच नाही. प्रयोगशाळेत जमिनीपासून दोन फुटांवर एक पूर्ण हात बांधलाय. सोमवारी, पंचवीस तारखेला, नऊ वाजता ये. खडू घेऊन उभा राहा आणि दाखव. लांबूकाकांना मी विचारलंय, ते यायला तयार आहेत. काकूंना मात्र अजून वाटतं की माझ्या काचेनेच सगळं झालं. काकांनी त्यांना सांगितलेलं नाही आणि मी सांगणार नाही. येण्याआधी ते तू कर.

मुंगी


२१ मार्च
घर

मुंगे,

काल लांबूकडे गेलो होतो. त्याला रुग्णालयातून घरी आणलंय, खिडकीशी पलंग टाकलाय. पलंगाला खुर्ची जोडली आहे, नाहीतर पाय बाहेर राहतात.

वहिनींनी बसायला सांगितलं. मी म्हटलं, आधी ऐका. उभ्यानेच सांगितलं. भोक, बूच, ट्रंकेतला बुडखा, तुला लिहिलेलं खोटं, सगळं. लांबू मधेमधे म्हणत होता, जाऊ द्या फोरमन, कशाला आता. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

भोकाबद्दल वहिनी मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांना जिवाचं भोक माहीत होतं. लग्न झाल्यावर लांबूने त्यांना पहिल्यांदा तेच सांगितलं होतं, आणि वीस वर्षं त्या त्याच्याच भरवशावर त्याला डबा देऊन पाठवत होत्या. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. त्यांनी पदराने हात पुसले आणि विचारलं, "त्या पोरीला मी सगळ्या वॉर्डासमोर बोलले. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"तिच्यासमोर उभं राहून बोललात का हे?"

मी नाही म्हटलं. म्हटलं, लिहून पाठवलं. मग लांबूला कूस बदलायची होती, मी एका बाजूने धरायला गेलो तर त्यांनी मला बाजूला केलं आणि एकट्यांनी केलं.

सोमवारी नऊला येतोय. लांबूची चाकाची खुर्ची वहिनी ढकलत आणणार आहेत. तुझ्याशी त्यांना स्वतःचं काही बोलायचंय, ते त्या बोलतील. कडी कुठे हवी तेही दाखवतो, त्याला वेळ लागत नाही, डोळे मिटून सांगेन. पण खडू हातात द्यायच्या आधी मला पाच मिनिटं दे. एवढी पत्रं लिहिली, तुझ्यासमोर मी अजून एक शब्द बोललेलो नाही. मी बोलायला लागलो आणि जमिनीकडे बघू लागलो, तर मला तिथेच थांबव आणि पहिल्यापासून सांगायला लाव.

मामा